अकरा महिन्यांची पाहुणी

तळवलीतल्या आमच्या चाळीत दर अकरा महिन्यांनी खोली बदलायची असा नियम होता. चाळ सोडायची नाही, फक्त खोली बदलायची. तीन नंबरातल्या बाईनं पाचात जायचं, पाचातलीनं एकात, एकातलीनं सातात. सात खोल्या, सात बायका, सातही जणींचे नवरे कामावर गेलेले, आणि आम्ही डोक्यावर गाद्या नि कमरेवर हंडे घेऊन एकमेकींच्या दारांतून आत-बाहेर करतोय. एवढा खटाटोप कशासाठी, तर एका खोलीत कुणी सलग राहिलं असं उद्या म्हणता येऊ नये म्हणून. भाडेकरू वर्षभर एका जागी टिकला की तो जागेवर हक्क सांगतो, असं मालकीणबाईंच्या डोक्यात कुणीतरी भरवून दिलं होतं. हे कुठल्या कायद्यात लिहिलंय ते त्यांनी कधी विचारलं नाही. आम्हीही विचारलं नाही, आणि याचाच मला आज जास्त राग येतो.

उलट आम्ही त्या दिवसाचा सण केला होता. सगळ्यांच्या चुली एकदम उठायच्या म्हणून एकत्र खिचडी टाकायची, कुणाच्या मांडणीमागं किती झुरळं निघाली त्यावरून चिडवाचिडवी करायची. मी तर सगळ्यांत पुढं असायची. कुणाचं कपाट आधी हलवायचं, कुणाचा फ्रिज आडवा करायचा नाही, सगळं माझ्या हुकमानं चालायचं.

मी परभणीकडची. लग्न झालं आणि आठव्या दिवशी नवऱ्याबरोबर इकडं आले. तो कळंबोलीच्या लोखंड बाजारात माल उतरवायच्या कामाला होता, पण कळंबोलीत तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं आणि तळवलीत त्याच्या गावचे दोघेजण राहत होते, म्हणून आम्ही तळवलीला उतरलो. मी वाशीच्या घाऊक बाजारात मसाल्याच्या गाळ्यावर मिरचीची देठं खुडायला जायला लागले. दिवसभर मिरचीच्या ढिगाजवळ बसायचं, संध्याकाळी घरी आलं की हात लेकराला लावायची सोय नाही. आधी खोबरेल चोळायचं, मग बेसन, मग साबण, तरी लेकरू रडायचंच. अशी माझी दोन्ही लेकरं त्या चाळीत वाढली. एकोणीस वर्षं मी तिथं काढली आणि सातही खोल्यांत राहून झालं, काही खोल्यांत तर तीन-तीनदा.

चाळीचा दुसरा नियम पहिल्यापेक्षा भारी होता. वही-पेन घेऊन कुणीही आलं, काहीही विचारलं, तर एकच उत्तर द्यायचं: आम्ही इथं राहत नाही, आम्ही मालकीणबाईंकडं पाहुण्या आलोय. कारण चाळीला परवानगी नव्हती. गावातल्या कुठल्याच वाढीव बांधकामाला नव्हती. भाडेकरू सापडले तर कमाईसाठी बांधलंय असं नोटिशीत येतं, घरची माणसं असली तर जरा नरमाईनं घेतात, असा सगळ्या गावाचा समज होता. म्हणून आम्ही घरची माणसं.

इथं मालकीणबाईंची बाजू सांगितली नाही तर तो खोटेपणा होईल. नवं शहर वसवायला त्यांच्या सासऱ्याची भातशेती गेली, मिठागरातला वाटा गेला. मोबदल्याच्या कागदांवर आधी सासऱ्यानं अंगठे उठवले, मग नवऱ्यानं सह्या केल्या, पुढं त्या स्वतः चकरा मारत राहिल्या. उरलं ते राहतं घर आणि मागचं अंगण. त्या अंगणात सात खोल्या बांधल्या तर ज्या सरकारनं जमीन नेली तेच सरकार विचारतं, परवानगी कुठाय. हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा, आणि तो चढायलाच हवा होता. फक्त त्या रागाची फेड आमच्याकडून होत होती.

बाकी बाईंचा जीव मोठा. मला कधी भाडोत्रीण म्हणून हाक मारली नाही, बाय म्हणायच्या. माझ्या दुसऱ्या बाळंतपणात पहिले बारा दिवस त्यांच्या घरून मला पेज आली. त्यांच्या धाकट्याच्या हळदीला तांदळाच्या भाकऱ्या थापायला मला बसवलं, पाहुण्यारावळ्यांसमोर माझ्या हाताचं कौतुक केलं. म्हणून मला वाटायचं, आपण त्यांच्याच आहोत. पाहुणी म्हणताना जीभ अडखळायची नाही ती त्यामुळंच.

नव्या आलेल्या बायकांना हे बोलणं शिकवायचं काम माझ्याकडं होतं. कुणी नेमलं नव्हतं, मीच घेतलं होतं अंगावर. नुसतं पाहुणी म्हणून भागत नाही, नातं विचारतात, म्हणून मी नातीही वाटून दिली होती. एक नंबरवाली सुनेच्या मामाकडची, दोनवाली व्याह्यांकडची, सहावाली दवाखान्यासाठी आलेली. चार नंबरात वाशिमकडची नवी पोरगी आली होती, लग्नाला वर्ष झालेलं, पोटुशी. ती खोटं बोलताना लाजायची. तिला मी दारात उभी करून तीनदा म्हणायला लावलं. बरोबर जमलं तेव्हा पाठीवर थाप दिली. तेव्हा मी हसत होते, हे आठवलं की आजही माझं मलाच थोबाडीत मारावंसं वाटतं.

मतदार यादीत माझं नाव कसं आलं तेही सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका निवडणुकीआधी मंदिराशेजारी मंडप घालून टेबलं मांडली होती. गावातली पुढारी मंडळी घरोघर येऊन बायकांना बोलावून नेत होती. कागद विचारला नाही, करारनामा विचारला नाही, फोटो काढला आणि महिनाभरात ओळखपत्र हातात. पुढच्या निवडणुकांआधी नव्या येणाऱ्यांचीही नावं अशीच चढत गेली, चार नंबरच्या पोरीचंही. तेव्हा आम्ही लागत होतो. मतं मोजायची होती, त्यात आमचीही हवी होती. पुरुषांनी मात्र नावं दिली नाहीत. त्यांची नावं गावाकडच्या याद्यांत होती, आणि मतदानाला तिकडून गाड्या येतात, तेवढंच गावाला जाणं होतं, हा त्यांचा हिशेब. गाड्या पुरुषांसाठीच यायच्या. बायकांना कोण नेतंय आणि कशाला.

माझं गावाकडं नाव नव्हतंच. लग्न झाल्यावर माहेरच्या यादीतून ते काढलं, मुलगी सासरी गेली म्हणून. सासरच्या यादीत घालायला सासरी मी होते कुठं, आठवडाच काढला. रेशनकार्ड, आधार गावच्या पत्त्यावर, त्यातही मी अमक्याची पत्नी. गॅस नवऱ्याच्या नावावर, मीटर मालकीणबाईंच्या. या एवढ्या मोठ्या देशात मी तळवलीत राहते असं लिहिलेली एकच यादी होती, आणि ती मतदारांची. प्रत्येक निवडणुकीला मी गाळ्यावर खाडा करून मत दिलं. बोटावरची शाई मिरचीच्या कामानं लवकर जायची म्हणून दोन दिवस त्या हातानं देठं खुडायची नाहीत, असा माझा आपला एक खुळेपणा होता.

मग यादी नव्यानं तपासायचं काम निघालं. आम्हाला काही माहीत नव्हतं. एका रविवारी सकाळी मी दारात तांदूळ निवडत बसले होते. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला पिशवी, हातात कागदांचा गठ्ठा अशी एक बाई चाळीच्या तोंडाशी आली. ती शाळेतली शिक्षिका होती आणि यादी तपासायच्या कामाला लावली होती, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त कागदांचा गठ्ठा दिसला. महिन्यापूर्वीच गल्लीतल्या एका घराचा वरचा मजला पाडला होता, धूळ अजून खाली बसली नव्हती. तिनं विचारलं, इथं कोण कोण राहतं. मी तांदळातून मान वर न काढता म्हटलं, "आम्ही सगळ्या पाहुण्या. इथं कुणी राहत नाही."

तिनं पुन्हा विचारलं. यादीत या पत्त्यावर सात नावं आहेत म्हणाली, नावं वाचायला लागली. पहिलंच माझं होतं. माझं नाव ऐकून मी सावध व्हायला हवं होतं, पण मला वाटलं, आता तर नावानिशी शोधायला आलेत. मी म्हटलं, ही बाई होती कधीतरी, गेली गावाला. स्वतःच्या नावाबद्दल बोलत होते मी. मागून दोघीतिघी आल्या, माझं बघून त्यांनीही नातीगोती सांगितली, अगदी शिकवल्याप्रमाणं. शिक्षिका उन्हानं दमलेली होती. तिनं सात नावांपुढं काहीतरी लिहिलं, पाणी मागितलं, ते मीच आणून दिलं, आणि ती गेली. मालकीणबाई वरून बघत होत्या. खाली येऊन म्हणाल्या, बरा निभावलास.

नवी यादी शाळेच्या भिंतीवर लागली तेव्हा मी लेकीच्या दाखल्याच्या कामासाठी तिथं गेले होते. सहज बघितलं. सहज बघताना आधी चूक आपल्या डोळ्यांची वाटते. मी तीनदा बोट फिरवलं. वगळलेल्या नावांचा कागद शेजारी वेगळा लावला होता, त्यात आम्ही सातही जणी ओळीनं होतो, पुढं कारण लिहिलेलं: कायमचे स्थलांतर. म्हणजे आम्ही कुठंतरी कायमच्या निघून गेलो होतो, आणि त्याच कागदासमोर मी हातात पिशवी घेऊन उभी होते.

घरी आले ती पेटूनच. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, जाऊ दे ना, मत देऊन कुणाचं काय भलं झालंय. त्याचं नाव गावाकडं शाबूत होतं. ज्याच्या ताटात वाढलेलं आहे त्यानं दुसऱ्याला उपास सांगावा तसलं ते बोलणं. मी त्याला म्हटलं, तुझं नाव उद्या कुणी काढलं की मग बोल. पण खरं सांगायचं तर त्याच्यावर ओरडून मला काही मिळत नव्हतं. माझं नाव काढलं होतं मीच, माझ्या तोंडानं, तांदूळ निवडता निवडता.

हरकत घ्यायला थोडे दिवस होते. सहा नंबरचा फॉर्म भरायचा, सोबत राहण्याचा पुरावा जोडायचा. पुरावा म्हणजे भाड्याचा करार, नाहीतर मालकाचं पत्र. मी मालकीणबाईंकडं गेले. मनात धाकधूक नव्हती. हळदीच्या भाकऱ्या थापलेली बाय मी, दोन ओळी लिहून द्यायला त्या नाही कशाला म्हणतील.

त्या भाजी चिरत होत्या. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बाय, मी तुला कदी काढलं का? मंग कागद कनाला पायजे?"

मी सांगितलं, खोली नको, खोलीवर हक्क नको, मी इथं राहते एवढंच लिहा.

"तेच तं लिवाचा नाय," त्या म्हणाल्या. "कागदावर सह्या करून करून आमची जमीन गेली. आता या घराचा कागद मी कोनालाच देनार नाय. तू मना बहिनीसारखी हायस, पन कागद नाय."

बहिणीसारखी. हा शब्द मला आवडायचा. त्या दिवशी तो ऐकून माझ्या कानशिलात जाळ झाला. पेज द्यायला चालतं, कौतुक करायला चालतं, फक्त ही बाई इथं राहते एवढं खरं लिहायला चालत नाही. मायेनं बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, म्हणून अशी माया फार सोयीची असते. मी परत आले आणि तशीच फॉर्म घेऊन कार्यालयात गेले. पुराव्याच्या जागी काही जोडलं नाही. खिडकीवरचा माणूस म्हणाला, असं चालत नाही. मी म्हटलं, मग येऊन बघा, मी राहते की नाही. मागं रांग लागलेली होती, त्यानं कटकट मिटवायला शेरा मारला: प्रत्यक्ष पाहणी.

पाहणीला साहेब आले ते दहा-बारा दिवसांनी. मालकीणबाई चाळीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. साहेबांनी आधी त्यांनाच विचारलं, ह्या बाई इथं राहतात का. त्या शांतपणे म्हणाल्या, "माझी पाव्हनी हाय. येते-जाते." मी म्हणाले, मी एकोणीस वर्षं राहते. साहेबांनी दोघींकडं पाहिलं आणि म्हणाले, शेजारी काय म्हणतात बघू.

एक नंबरचं दार वाजवलं. ती म्हणाली, मी पाहुणी, मला काही माहीत नाही. दोन नंबरवाली म्हणाली, मी पाहुणी, व्याह्यांकडची. तीन नंबरवालीनं तर माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांचीही नावं कापली गेली होती, मी प्रत्येकीला सांगितलं होतं. पण खुर्ची समोर होती, आणि खोली गेली तर संध्याकाळी लेकरं घेऊन कुठं जायचं हा प्रश्न नावापेक्षा जवळचा होता. मला त्यांची भीती कळत होती, तरी राग काही कमी झाला नाही. सगळ्या न अडखळता बोलत होत्या. मी शिकवलेलं एक अक्षर कुणी विसरलं नव्हतं.

चार नंबरात ती वाशिमची पोरगी होती. सातवा महिना लागलेला. तिनं सांगायला सुरुवात केली, पाहुणी आहे म्हणून, आणि मध्येच थांबली. लाजली, नेहमीसारखी. साहेबांनी विचारलं, या बाईंना ओळखता का. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "पाहुणी हाव म्हणून सांगायचं हे ह्यांनीच तर शिकवलं मले. ह्या लय जुन्या हायेत इथं. आमच्या सगळ्यायच्या आधीच्या."

साहेब थोडं हसले, पण लगेच कागदावर लिहायला लागले. मालकीणबाईंनी खुर्ची सरकवून घेतली, एवढाच आवाज झाला. माझं खोटं असं चारचौघांत उघडं पडलं आणि त्यावरच मी इथली ठरले, याची लाज वाटायला हवी होती. मला वाटली नाही. मला त्या पोरीचे पाय धरावेसे वाटले.

संध्याकाळी मालकीणबाई माझ्या दारात आल्या. ओरडल्या नाहीत. महिना सरला की खोली खाली कर, म्हणाल्या. मी विचारलं, आणि त्या पोरीला? "ती पोटुशी हाय, तिला कुटं काडू," त्या म्हणाल्या, आणि डोळ्यांना पदर लावला. मलाही रडू येत होतं. पण त्यांच्यासमोर रडले असते तर पुन्हा आम्ही दोघी बहिणी झालो असतो आणि माझा राग वाया गेला असता. मी दार लावून घेतलं.

भांडी बांधायला घेतली त्या दिवशी दुपारी एक नंबरवाली आली. मग दोन, मग तीन, मागून बाकीच्याही. हातात फॉर्म. मान खाली घालून म्हणाल्या, आमचेही भरून दे. मी त्यांना वाटेल ते बोलले. त्या दिवशी तोंडाला कुलूप घातलं होतं का, माझी खोली जायची वाट बघत होता का, असं सगळं. त्यांनी ऐकून घेतलं, फॉर्म काही मागं घेतले नाहीत. शेवटी मी हंड्यावर पाट ठेवून बसले आणि लिहायला घेतलं. सहा बायकांची नावं, सहा पत्ते. कुणाचा खोली नंबर काय, हे त्यांच्यापेक्षा मलाच पाठ होतं.

माझं नाव पक्क्या यादीत आलं, पण तोवर तो पत्ता माझा राहिला नव्हता. आता नव्या जागी पुन्हा फॉर्म, पुन्हा पुरावा. नवऱ्यानं कळंबोलीत ट्रकच्या तळामागं एक खोली ठरवली होती. मी मालकाला आधीच निरोप दिला होता, करार पाहिजे. तो नवऱ्याला फोनवर हो हो म्हणाला होता. टेम्पो दारात लागला, सामान उतरवायच्या आधी मी विचारलं, करार कुठाय. मालक म्हणाला, ताई, आधी राहायला तर या, बघू पुढं.

मी टेम्पोतून उतरले नाही. गाद्यांच्या वळकटीवर बसून राहिले. पिशवीतून स्टँप पेपर काढला. मजकूर मी वाशीतून टाईप करून आणला होता, पत्ता घालून, फक्त सह्या बाकी. टेम्पोवाला कुरकुरायला लागला, त्याला दुसरं भाडं होतं. नवरा खालून हळूच म्हणाला, लोक बघतायत. मी म्हटलं, बघू देत. आजूबाजूचे ड्रायव्हर चहा पीत खरंच बघत होते. तासाभरानं मालक वैतागून आला, पेन मागितलं, वाचायला लागला आणि म्हणाला, इथं चूक झालीय, भाडेकरू म्हणून तुमचं नाव आहे, साहेबांचं पाहिजे ना. नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं.

"चूक नाही," मी म्हटलं. "तिथं माझंच नाव आहे. सही करा, मग हंडे उतरवते."